शंकरपाळ्यातले नाव

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या कंपनीच्या अंतर्गत वेबसाइटवर आकृत्या काढायचे सॉफ्टवेअर सुरू झाले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यातली पहिली आणि एकमेव आकृती नऊ वेळा बदलली होती. बदल करणाऱ्याचे नाव नऊही वेळा एकच होते, कारण सगळा कारखाना एकाच नावाने आत शिरत असे. ते नाव आणि पासवर्ड हजेरीच्या खोलीत कॅलेंडरशेजारी चिकटवलेले होते.

कंपनी हळदीची आहे. कारखाना वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शेतकऱ्यांकडून उकडलेली हळद घ्यायची, सिमेंटच्या पटांगणात वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, दळायची आणि पोती भरून पाठवायची, एवढे काम. मी त्याआधी हिंगोलीत एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात होतो. ते कार्यालय बंद झाले. कंपनीत मला 'माहिती व कागदपत्रे' असे पद मिळाले. वेबसाइटवर काय लिहायचे ते माझ्याकडे होते. तोवर तिथे सुट्ट्यांची यादी, वाढदिवसांची यादी आणि ट्रकच्या वाटेत मोटारसायकली लावू नयेत ही सूचना, असे तीन मजकूर होते. तिसरा मजकूर कोणी वाचल्याचा पुरावा नव्हता.

सॉफ्टवेअर बसवण्याचे काम कंपनीच्या संगणक विभागाने चार दिवसांत केले. संगणक विभाग म्हणजे डोंगरकड्याची एक तरुण अभियंता. तिला सगळे मॅडम म्हणत. तिने वेबसाइटच्या पानातच एक खिडकी बसवली. त्या खिडकीत चौकोन काढता येत, त्यांत नावे लिहिता येत, एका चौकोनापासून दुसऱ्यापर्यंत बाण ओढता येत. एकाने काही हलवले की बाकीच्यांच्या पडद्यावर ते त्याच क्षणी हलत असे. आधी कागदावर काढलेला तक्ता फ्रेममध्ये जाऊन भिंतीला लागे आणि तिथे पिवळा पडे. हा तक्ता जिवंत राहील, असे तिने बैठकीत सांगितले. हे वाक्य पुढे अपेक्षेपेक्षा जास्त खरे ठरले.

सॉफ्टवेअरची कल्पना भैयांची. भैया म्हणजे मालकांचे धाकटे चिरंजीव. ते नांदेडला राहतात आणि आठवड्यातून एकदा कारखान्यात येतात. त्या बैठकीत ते म्हणाले, "प्रत्येक काम नकाशात दिसलं पाहिजे. जे नकाशात नाही, ते काम कंपनीत नाही." एप्रिलअखेर कंत्राटी माणसांचे करार संपत होते. नवे करार नकाशा पाहून होतील, हेही त्यांनी तिथेच सांगितले. चौकोन असेल तिथे माणूस. चौकोन नसेल तिथे नाही. त्या दिवसापासून आकृतीला कारखान्यात सगळे नकाशा म्हणू लागले.

पहिला नकाशा मी काढला होता. त्यासाठी पाच विभागप्रमुखांना भेटून प्रत्येकाचे काम टिपून घेतले. दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय एकही चौकोन काढला नाही. ही जुनी सवय होती आणि तिच्यामुळेच चूक झाली. पटांगणाच्या प्रमुखाने सांगितले, हळद वाळली की ती ड्रमकडे जाते. ड्रमच्या प्रमुखाने सांगितले, वाळलेली हळद पटांगणाकडून येते. दोन्ही विधाने जुळत होती. मी पटांगणापासून ड्रमपर्यंत सरळ बाण ओढला. हळद वाळली हे कोण ठरवतो, हा प्रश्न मी विचारला नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

ते चाचा ठरवत. पासष्टीला आलेले, वसमतचे, बापापासून हळदीच्या कामात. कंपनीत कंत्राटी. त्यांचे काम असे: सकाळी पटांगणात फिरायचे, ढिगाच्या पोटातून, कडेतून, सावलीच्या बाजूने एकेक हळकुंड उचलायचे, कानाजवळ धरून मोडायचे. आवाज खणखणीत आला आणि आत रंग एकसारखा दिसला तर ढीग ड्रमकडे. आवाज बोदा आला तर ते म्हणत, "एक ऊन पाहिजे," किंवा "दोन उनं." म्हणजे तितके दिवस आणखी उन्हात. प्रयोगशाळेत ओलावा मोजायचे यंत्र आहे, पण तिथला अहवाल दुपारनंतर येतो आणि तो दिलेल्या चिमटीपुरता असतो. सकाळी नऊला ढीग उचलायचा की नाही, हे चाचांच्या बोटांवर चाले. मुलाखती घेत होतो तेव्हा ते आमच्यापासून वीस पावलांवर बसले होते. मधल्या वेळेत मी त्यांच्याबरोबर चहाही घेतला.

पहिल्या सोमवारच्या नऊ बदलांपैकी एकही चाचांशी संबंधित नव्हता. पहिला बदल फाटकावरच्या रखवालदाराने केला. तो पुसेगावचा, फौजेतून निवृत्त. ट्रक आधी फाटकातूनच येतो म्हणून त्याचा चौकोन मी सर्वांत वर ठेवला होता. त्याने तो मोठा केला. त्यावर खरेदी विभागाने आपला चौकोन त्याहून मोठा केला. अकरा वाजता व्यवस्थापकांनी पाहिले, की माल पाठवायचे काम शेवटी असल्यामुळे त्यांची सही सर्वांत खाली, कोपऱ्यात आहे.

ते माझ्या टेबलाशी आले. "हे काय आहे?"

"साहेब, काम वरून खाली जातं. शेवटी तुमची सही होते, मग गाडी सुटते."

"रखवालदार वर आणि मी खाली?"

"हा क्रम आहे, साहेब. मान नाही."

"चौकातलं बॅनर बघितलंय ना कधी? त्यात क्रम असतो की मान असतो?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होते. वसमतच्या चौकात वाढदिवसाचे बॅनर लागते तेव्हा सर्वांत वर कोणाचा फोटो, मध्ये मोठा कोणाचा आणि खाली टिकल्यांएवढे कोणाचे, यावर आधी दोन दिवस चर्चा होते. कारखान्याने नकाशा त्याच नजरेने वाचला. संध्याकाळपर्यंत व्यवस्थापकांचा चौकोन सर्वांत वर गेला. बाण मात्र जुन्याच जागी चिकटलेले असल्यामुळे, नकाशाप्रमाणे हळद आता व्यवस्थापकांपासून निघत होती आणि फाटकातून आत येत होती. मंगळवारी दळण विभागाने आपल्या चौकोनाला गुलाबी रंग दिला. बुधवारी मालकांच्या नावाचा एक चौकोन दिसला. त्याला एकही बाण जोडलेला नव्हता.

"सुधारायचं का?" मी मॅडमना विचारले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मालकांना कुठून बाण जोडता?"

चाचा गुरुवारी आले. ते कार्यालयाच्या खोलीत सहसा येत नसत. दाराशी चपला काढून आत आले आणि उभेच राहिले.

"पत्रकारसाब, नकाशात मी न्हाई म्हणून राहिले लोकं."

"कोण म्हणतंय?"

"गेटवाला. त्याचा हाय म्हणे चौकोन. खाटेएवढा."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते वाकले. "हे पटांगण?"

"हो."

"हे डरम?"

"हो."

त्यांनी दोघांमधल्या बाणावर बोट ठेवले. "मी इथं बसतो." पडद्यावर पिवळा ठसा उमटला. "तुमाला म्हाईत न्हवतं?"

"माहीत होतं."

"मग काहून न्हाई लिवलं?"

"कोणी सांगितलं नाही, चाचा."

"सांगायचं काय त्यात? रोज चहा पिऊन राहिले माझ्यासंगं." ते हसले, पण थोडेच. मग म्हणाले, "मला चौकोनाची हौस न्हाई. लेकीचं नर्सिंगचं एक वर्स राहिलं, परभणीला हाय. तवर तरी कंत्राट चालावं. एवढंच बघा."

ते गेल्यावर मी पडदा पुसला आणि मॅडमना बोलावले.

तिने सांगितले, की चाचांचे काम चौकोनात बसत नाही. काम असेल तर चौकोन, पण जिथे हो किंवा नाही ठरते तिथे वेगळी आकृती असते. तिने ती काढून दाखवली. टोकावर उभा केलेला चौकोन. मागून पाहणारा पटांगणाचा प्रमुख म्हणाला, "हे तर शंकरपाळं हाय." तेव्हापासून तेच नाव पडले. शंकरपाळ्यात तिने लिहिले: 'वाळली का?' खाली चाचांचे नाव. एका टोकाला 'हो', तिथून ड्रम. दुसऱ्या टोकाला 'नाही', तिथून पुन्हा पटांगण. इतकेच नव्हे, तिने त्याला बटणे जोडली. ज्याचे नाव शंकरपाळ्यात, त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी प्रश्न जाई. त्याने हो किंवा नाही दाबले, की ते पटांगणातल्या पडद्यावर उमटे.

"चाचांकडे साधा फोन आहे," मी म्हणालो.

"मी पटांगणात टॅब ठेवते. शिकवते त्यांना. दोनच बटणं आहेत."

शुक्रवारी सकाळी तिने चाचांना बटणे दाखवली. चाचांनी आधी हळकुंड मोडले, मग बोट पुसले, मग 'नाही' दाबले. पडद्यावर 'नाही' उमटले. "बेटी, हे तर मी तोंडानं बी सांगत व्हतो," ते म्हणाले. दुपारी व्यवस्थापकांनी शंकरपाळे पाहिले.

"हा आकार कशाचा?"

"निर्णयाचा, सर," मॅडम म्हणाली.

"निर्णय?" त्यांनी चष्मा लावला. "या कंपनीत निर्णय कोण घेतं?"

त्यांनी शंकरपाळ्यातले नाव वाचले.

"कंत्राटी माणसाच्या नावावर निर्णय? भैयांनी हे पाहिलं तर मला काय म्हणतील? की मी इथं बसून चाचांचे हुकूम पाळतो?"

"सर, फक्त हळद वाळली का, एवढंच आहे."

"एवढंच असेल तर चौकोन काढा."

"चौकोनाला हो-नाही नसतं, सर."

"मग भैयांचं नाव टाका. निर्णय त्यांचाच असतो."

"सर, हे खरं चालतं. प्रश्न भैयांच्या मोबाइलवर जाईल."

"बराबर आहे की. त्यांनाच विचारायला पाहिजे."

शनिवारी सगळ्या विभागांनी आपापल्या कामात शंकरपाळे शोधले आणि जिथे जिथे सापडले तिथे भैयांचे नाव टाकले. ट्रक आत घ्यायचा का, पोते शिवायचे का, गिरणीचा पट्टा बदलायचा का. रखवालदाराने फाटकापाशीही एक टाकले. नकाशा पाहिला तर कारखान्यात सर्वांत जास्त काम भैया करत होते. चाचांचे नाव शंकरपाळ्यातून निघाले आणि चौकोनही त्यांना मिळाला नाही.

भैयांनी तक्रार केली नाही. उलट पहिल्या आठवड्यात ते खूश होते. नांदेडला घरी बसून कारखाना हातात आल्यासारखे वाटते, असे त्यांनी व्यवस्थापकांना फोनवर सांगितले. सकाळी नऊला ते एकामागून एक 'हो' दाबत. उन्हाचे दिवस होते, त्यामुळे हळद वाळत होती आणि 'हो' बरोबर येत होते. चाचा सवयीने पटांगणात फिरत, हळकुंडे मोडत. कोणी विचारत नसे.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तीन दिवस आभाळ भरून आले. पाऊस पडला नाही, पण ऊनही पडले नाही. चौथ्या दिवशी सकाळी चाचांनी मोठ्या ढिगातली पाच हळकुंडे मोडली. पाचही बोदी.

"दोन उनं पाहिजेत," ते पटांगणाच्या प्रमुखाला म्हणाले.

प्रमुखाने टॅब पुढे केला. पडद्यावर 'हो' होते.

"चाचा, तुमचं बराबर असंल. पण इथं हो येऊन राहिलं."

"कोण म्हणालं हो?"

"भैया."

"भैया कुठं हाय?"

"नांदेडला."

"नांदेडहून ऐकू येतंय का त्यांना?"

"आता मी काय करू? नकाशात जे हाय ते. उचला पोरांनो."

नांदेडला त्या दिवशी ऊन होते. ते नंतर भैयांनी स्वतः सांगितले. त्यांनी घराच्या खिडकीतून आभाळ पाहिले आणि 'हो' दाबले.

हळद ड्रममध्ये गेली. ओली हळकुंडे एकमेकांवर घासली की साल निघत नाही, तिचा लगदा होतो आणि जाळीला चिकटतो. तासाभरात ड्रमचा आवाज बदलला. अकराच्या सुमारास तो बंद करावा लागला. उघडला तेव्हा आत हळद ओळखू येत नव्हती. ड्रम खरवडायला दोन दिवस गेले. तेवढ्यात मागे थांबलेल्या ढिगाच्या तळाला बुरशीचा वास आला.

भैया तिसऱ्या दिवशी आले. चौकशी झाली आणि अहवाल मी लिहिला. पटांगणाने पडद्याप्रमाणे केले होते. पडद्याने शंकरपाळ्याप्रमाणे दाखवले होते. शंकरपाळ्यातले नाव कोणी बदलले, हे वेबसाइटच्या नोंदीत पाहिले. नोंदीत सगळ्यांचे एकच नाव होते. व्यवस्थापकांनी सांगितले, की त्यांनी सूचना केली होती, बदल केला नव्हता. हे खरे होते. त्यांना माऊस धरायला आवडत नसे. कोणा एका व्यक्तीची चूक आढळली नाही, असा निष्कर्ष मी लिहिला. सरळ बाण मीच ओढला होता, हे अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात आहे. तो परिच्छेद बैठकीत वाचला गेला नाही.

बैठकीनंतर भैया पटांगणात गेले. लहानपणी ते याच पटांगणात खेळले होते आणि चाचांनी त्यांना दोनदा ढिगावरून खाली ओढले होते. त्यांनी एक हळकुंड उचलले, मोडले. "हे वाळलंय ना, चाचा?"

"न्हाई."

दुसरे मोडले. "हे?"

"हे बी न्हाई."

"मला तर सारखाच आवाज येतो."

"तुमी मोडताना बोलून राहिले, भैया. गप राहून मोडा."

भैया गप्प राहिले आणि तिसरे मोडले. चाचांनी नुसती मान हलवली. भैयांनाही फरक कळला की नाही, ते त्यांनी सांगितले नाही.

मॅडमने तेव्हा सांगितले, की शंकरपाळ्यात चाचांचे नाव परत टाकायला अर्धे मिनिट लागेल. व्यवस्थापकांनी हरकत घेतली. माल घेणाऱ्यांचे तपासनीस पुढच्या महिन्यात येणार होते. नकाशा त्यांना दाखवायचा होता. निर्णयाच्या जागी माणसाचे शिक्षण लिहावे लागते. चाचांचे शिक्षण चौथी, उर्दू शाळा.

"नाव माझंच राहू द्या," भैया शेवटी म्हणाले. "चाचा, रोज नऊ वाजता मी फोन करतो. तुम्ही फोनपाशी मोडा. मी ऐकतो आणि दाबतो."

"तुमाला ऐकू येईल?"

"तुम्ही सांगा ना. हो की नाही."

"मग मोडायचं काहून फोनपाशी?"

"ऐकायला," भैया म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पटांगणाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कंपनीचा एक फोन ठेवला गेला. तो वाजला. चाचांनी पहिले हळकुंड फोनच्या तोंडापाशी धरून मोडले. मग दुसरे, मग तिसरे. फोनमधून भैयांचा आवाज आला, "हं?"

"एक ऊन पाहिजे," चाचा म्हणाले.

टॅबवर 'नाही' उमटले. पटांगणाच्या प्रमुखाने ढिगावर काम करणाऱ्यांना हात केला, की बसा.

हा क्रम पुढे रोज चालला. आठवड्याभरात चाचा भैयांचे ऐकून न घेता आधीच सांगू लागले आणि मग मोडू लागले. एकदा नऊ वाजता भैया लग्नाला होते. फोनमधून बँडचा आवाज येत होता. चाचांनी हळकुंड मोडले, थांबले, पुन्हा मोडले. "भैया, बराबर वाळली. चालू द्या," ते मोठ्याने म्हणाले. 'हो' आले. त्या दिवशी ड्रममधून निघालेली हळद पाहायला प्रयोगशाळेतला माणूस आपणहून आला आणि एक हळकुंड खिशात घालून गेला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला. भैयांचा नियम बदलला नव्हता. चौकोन नसेल तिथे करार नाही. मॅडमने नकाशात पटांगण आणि शंकरपाळे यांच्यामध्ये फोनचे काम म्हणून एक चौकोन टाकला. कारण फोन खरोखर तिथे होता आणि तो कोणीतरी उचलत होता. व्यवस्थापकांनी तो चौकोन पाहिला. निर्णयाचा नाही ना, एवढे विचारले. नाही, असे तिने सांगितले. त्यांनी आपला चौकोन त्याच्यापेक्षा मोठा आहे ना, हेही पाहिले. मग सही केली.

चाचांना मी सांगायला गेलो, तेव्हा ते हळकुंडांचे तुकडे फडक्यात गोळा करत होते.

"झालं का बघा?" त्यांनी विचारले.

"यादी अजून निघाली नाही."

"मग काहून आले?"

"चौकोन टाकलाय तुमचा."

"शंकरपाळं?"

"नाही. चौकोन."

"हौ," ते म्हणाले. "मग उद्या लेकीला सांगू का यादी निघाल्यावर सांगू?"

"यादी निघाल्यावर सांगा."

कंत्राटी कामगारांची यादी महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता वेबसाइटवर लागली. तिच्यात चाचांचे नाव आहे. पदाच्या रकान्यात 'दूरध्वनी सहायक' असे लिहिले आहे. कराराची मुदत अकरा महिने.